खारा वारा आणि रंगाची मुद्दल

गोव्यातल्या मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल या किनारपट्टीत दारात उभ्या असलेल्या पंधरा-वीस वर्षांच्या गाडीचा रंग पांढुरका पडू लागला, की दोन सल्ले ठरलेले असतात. गॅरेजमधला पेंटर सांगतो, घासून काही होत नाही, एकदाच फुल बॉडी पेंट मारून घ्या. मालक म्हणतो, रबिंगचा डबा आणि फडकं आणतो, रविवारी घरीच उरकतो. मला दोघांचंही अर्धंच पटतं. जुन्या गाडीचा रंग घरी उजळावा, आणि तो घरीच उजळावा, या मताचा मी आहे. पण मालकाच्या उत्साहाची वकिली मला करायची नाही. समोर एक मेस्त्री बसवला आहे. तो कोणी एक माणूस नाही. डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये जे आक्षेप घेतले जातात, ते सगळे त्याच्या तोंडी घातले आहेत. ते पोकळ नाहीत, म्हणून पहिलं बोलणं त्याचं. मालकाला तो पात्रांव म्हणतो.

मेस्त्री : पात्रांव, तुम्ही गाडी घासा, माझी काही हरकत नाही. नंतर ती माझ्याकडेच येते. बोनेटची कड, दाराची रेघ, मडगार्डचं वळण, इथे रंग मुळातच पातळ. तिथे तुम्ही घरपोच मागवलेलं पॉलिशचं मशीन एकाच जागी धरता आणि प्रायमर वर येतो. मग म्हणता, तेवढ्याच जागेवर टचिंग करून द्या. तुमचा लाल उन्हाने उडालेला, माझ्या डब्यातला लाल ताजा; कसाही जुळवला तरी डाग दिसणारच. आणि इथला वारा काय थोडा आहे? शापोरा नदीच्या मुखाजवळ उभ्या गाडीला तुम्ही आरशासारखी चकाकी आणलीत, तरी मिरग लागला की पत्रा आतून खायला सुरुवात. वरच्या चकाकीचं पत्र्याला काय देणंघेणं? त्यापेक्षा सगळा जुना रंग काढू, गंज घासू, पुट्टी, प्रायमर, नवा रंग. पाच वर्षं बघायला नको.

मी : कडेचा मुद्दा पूर्ण मान्य, आणि माझं सगळं म्हणणं तिथूनच सुरू होतं. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन रंग असतो. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास भरतो, म्हणजे दोन केसांची जाडी धरा. त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक थर, ज्याला तुम्ही क्लिअर म्हणता, तो 35 ते 50. खालच्या रंगाला उन्हापासून वाचवायचं काम त्याचं. ही मुद्दल आहे, आणि कारखान्याचं दार सोडल्यावर तिच्यात भर पडत नाही. हलक्या पॉलिशने हाताने घासलं तर एखादा मायक्रॉन जातो, कधी तेवढाही नाही. मशीनवर जाड रबिंग कंपाउंड चालवलं तर तीन-चार जातात. वॉटर पेपर लावला तर त्याहून अधिक. आता दर दिवाळीला जाड कंपाउंड मारून घेणाऱ्याचा हिशेब तुम्हीच करा. दहा वर्षांत क्लिअर उरेल का? तेव्हा चूक घरी घासण्यात नाही, गरजेपेक्षा जास्त काढण्यात आहे. आणि जास्त काढण्याचा मोह कुणाला होतो? ज्याला संध्याकाळपर्यंत गाडी द्यायची आहे त्याला. शेडमध्ये मजुरी दिवसावर मोजली जाते, म्हणून तिथे मशीन आणि कंपाउंड आधी येतात. घरच्या माणसाकडे कसब कमी, पण वेळ आहे. आणि या कामात वेळ हेच हत्यार आहे. एक दार आज, दुसरं पुढच्या आठवड्यात. घाईचं मशीन घरी आणणारा मालक ती एकच जमेची बाजू गमावतो, म्हणून त्याची गाडी तुमच्याकडे येते.

मेस्त्री : पण रबिंग ही काय आमच्या गॅरेजने काढलेली टूम आहे? आमच्या आधीच्या पिढीतले लोक ड्युको मारायचे आणि मग दिवसभर घासायचे. घासल्याशिवाय चकाकीच येत नव्हती.

हा आक्षेप वाटतो त्यापेक्षा मोलाचा आहे, कारण रबिंगची सवय आली कुठून ते त्यात सापडतं. 1920च्या दशकाआधी गाड्यांना तेलाचे रंग आणि वार्निश लावत, आणि एकेक गाडी वाळायला आठवडे लागत. मग अमेरिकेत ड्यू पाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोजचा लॅकर आणला, ड्युको नावाचा. जनरल मोटर्सच्या 1924 सालच्या ओकलंड गाड्या त्यात निळ्या रंगवून बाजारात आल्या. तो रंग स्प्रे गनने मारायचा, तासाभरात वाळायचा. पण वाळताना मंद दिसायचा, घासून चमकवावा लागायचा. म्हणजे त्या काळात घासणं ही दुरुस्ती नव्हती, रंगकामाचाच शेवटचा टप्पा होता, आणि त्यासाठी थरावर थर चढवून जाडी आधीच ठेवलेली असायची. भारतातल्या शेडमध्ये तो रंग आणि त्याचं नाव कितीतरी दशकं टिकलं, त्याच्याबरोबर घासण्याची सवयही टिकली. मात्र 1980च्या दशकापासून जगभरच्या कारखान्यांत रंगावर पारदर्शक थर देण्याची पद्धत पसरली, आणि हा थर घासून काढण्यासाठी बनलेला नाही. जुन्या रंगाची सवय नव्या रंगावर चालवली की गाडी फुकट मरते. यात मालकाचा दोष जितका, तितकाच शेडचा.

म्हणून घासण्याआधी रंग कोणता ते ठरवायला हवं, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. पेट्रोलच्या झाकणाच्या आत किंवा दाराच्या चौकटीत, जिथे चूक झाली तरी दिसणार नाही अशा जागी, पांढऱ्या सुती फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन घासायचं. फडक्यावर गाडीचा रंग उतरला, तर वर क्लिअर नाही. रंगाचा थर एकसंध आहे. प्रीमियर पद्मिनी, अँबॅसडर आणि साध्या रंगातल्या बऱ्याच जुन्या मारुती 800 या जातीच्या. यांचं दुखणं बहुधा वरवरचं असतं. उन्हाने वरची कातडी खडूसारखी झालेली असते, खाली जिवंत रंग असतो. तिथे हाताने, मऊ पॉलिशने, थोडं थोडं काम केलं की दिवसभरात ओळखू न येण्याइतका फरक पडतो. फडकं पांढरंच राहिलं, तर क्लिअर आहे, आणि तिथे हात आखडता घ्यायचा. तिसरी अवस्था म्हणजे छपरावर, बोनेटवर पांढरे पापुद्रे सुटलेले. तिथे क्लिअर मेलेला आहे. कुठलंही पॉलिश तो परत आणत नाही, आणि आणतं असं सांगून डबा विकणारा खोटं बोलतो. काही हजारांत रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं. पत्र्यावर टेकवलं की मायक्रॉनचा आकडा दाखवतं. 120 आला तर मूळ रंग असण्याची शक्यता, 300 आला तर कोणीतरी पुन्हा रंगवलंय, 1000 आला तर आत पुट्टी. जुनी गाडी विकत घेतानाही त्याचा उपयोग होतो, पण ते वेगळं प्रकरण.

मेस्त्री : आता वाऱ्याचं बोला. त्याला उत्तर नाही दिलंत.

मी : वाऱ्याचं उत्तर मिठात आहे. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. मोरजीत पावसाळाभर आणि एरवीही बहुतेक रात्री आर्द्रता त्याच्या पुढे असते. म्हणजे गाडीवर बसलेलं न दिसणारं मीठ रोज रात्री खारं पाणी होतं आणि सापडेल त्या फटीत शिरतं. खडू झालेला रंग सच्छिद्र असतो, ते पाणी तो धरून ठेवतो. गुळगुळीत केलेल्या आणि वर वॅक्स दिलेल्या रंगावरून तेच पाणी ओघळून जातं. तेव्हा चकाकीचं पत्र्याला देणंघेणं आहे. फक्त चकाकी हे त्यातलं फळ नाही, सोबत येणारी गोष्ट आहे. गंज आतून येतो हे तुमचं खरं. दाराच्या तळाशी पाणी जायला बारीक भोकं असतात, ती मातीने बुजतात, पाणी आत साठतं आणि पत्रा फुगतो. पण ती भोकं बुजलीत हे कळतं कुणाला? जो गाडीच्या प्रत्येक वितीवरून हात फिरवतो त्याला. घरच्या पॉलिशचा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो तो हा. चाकाच्या वरच्या कमानीवर मोहरीएवढा फोड बोटाला लागतो तेव्हा तो तुमच्याकडे तासाभराचं काम असतो. डोळ्याला दिसेपर्यंत थांबलं तर वेल्डिंग. आणि गोड्या पाण्याचा पाइप गाडीच्या पोटाखाली धरणं हे बोनेट घासण्याइतकंच रंगकामाचा भाग आहे, जरी ते पाहायला शेजारी येत नाहीत.

मेस्त्री : वॅक्स इथल्या उन्हात टिकतो तरी किती?

फार नाही, हे मान्य करायला हवं. उत्तम समजला जाणारा कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतो आणि साधारण 82 ते 86 अंशांना वितळतो. एप्रिलच्या दुपारी काळ्या बोनेटचा पत्रा त्याच्या बराच जवळ जातो. त्यामुळे किनाऱ्यावर त्याची मुदत आठवड्यांतच मोजावी. कृत्रिम सीलंट काही महिने चालतात. पण वॅक्सचं झिजणं ही तक्रार नाही, ते त्याचं काम आहे. रंगाऐवजी तो झिजतो. सिरॅमिक कोटिंगविषयी इतकंच, की ते खाली जे असेल तेच बंद करून ठेवतं, खडूसुद्धा.

धुळीबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण गोव्यात गाड्यांचा रंग पॉलिशपेक्षा पुसण्याने जास्त जातो. डिचोली तालुक्यात खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ ज्यांनी वर्षानुवर्षं पाहिली, त्यांना ती फक्त घाण वाटते. पण गोव्याचं लोहखनिज मुख्यतः हेमॅटाइट, आणि मोह्सच्या मापात त्याचा कठीणपणा साडेपाच ते साडेसहा. किनाऱ्यावरच्या वाळूतला क्वार्ट्‌झ सात. गाडीचा रंग या दोघांपुढे लोणी. 2012मध्ये खाणी बंद पडल्या, मग सुरू झाल्या, 2018मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या, आणि अलीकडे डिचोलीत पुन्हा काम सुरू झालं; या चढउताराबरोबर धूळही कमीजास्त झाली. मोरजी-हरमलच्या पेडणे तालुक्यात खाणींचा त्रास तसा नाही, पण महामार्गाचं रुंदीकरण आणि मोपाच्या विमानतळाकडे जाणारे रस्ते यांनी जांभ्याची माती भरपूर उडवली. अशा धुळीवर सकाळी उठून कोरडं फडकं फिरवणं म्हणजे स्वतःच्या हाताने वॉटर पेपर मारणं. उन्हात वाकून पाहिलं तर रंगात कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात, त्या बहुतांशी या फडक्याच्या. त्यातही काही जण फडकं रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये बुडवतात. तेलकट चकाकी दुपारपर्यंत टिकते आणि पुढच्या सगळ्या धुळीला चिकटायला जागा देते. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहू द्यायची, मग हात लावायचा, एवढं पाळलं तरी पॉलिश करण्याची पाळी निम्म्याने कमी येईल, असा माझा अंदाज आहे.

मेस्त्री : मग काजूचा चीक, वटवाघळाची घाण, त्याचं काय? ते पाण्याने जात नाही.

मी : उन्हाने भाजायच्या आत ओलं फडकं ठेवून भिजवून काढलं तर जातं. वाळल्यावर नखाने खरवडणाऱ्याला तुम्ही जरूर बोला. गाडी काजूखाली, फणसाखाली लावायची सावलीसाठी, आणि मग रंगासाठी रडायचं, यात झाडाचा दोष नाही.

आता मेस्त्रीचा मोठा प्रस्ताव, सगळा रंग काढून नवा द्यायचा. त्याला माझा विरोध तीन कारणांनी आहे, आणि पैसा त्यांत नाही. कारखान्यातला रंग सुट्या सांगाड्यावर 140 अंशांच्या आसपास भट्टीत भाजलेला असतो. तयार गाडीत रबर, वायरिंग, सीटचं कापड असतं, म्हणून गॅरेजमध्ये 60 अंशांच्या पुढे जाता येत नाही. बहुतेक शेडमध्ये तर भट्टीच नसते, हवेवर वाळवतात. तेव्हा नवा रंग सुंदर दिसला तरी मूळ रंगाचा कणखरपणा त्यात सहसा येत नाही. दुसरं, हवा. दमट दिवसात लॅकर मारला तर थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव धरतं आणि रंगात पांढरी साय उमटते. जाणते पेंटर म्हणूनच नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मोठी कामं धरतात. पण ग्राहकाची घाई आणि शेडचं भाडं ऋतू पाहत नाही. तिसरं, इतिहास. पोर्तुगीज अमलात गोव्यात परदेशी गाड्या बऱ्यापैकी सहज येत, आणि 1961पूर्वीच्या काही अजूनही घरांत आहेत. केंद्र सरकारच्या 2021च्या नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूप राखलेल्या, मोठे फेरफार न झालेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, फीवाने, 2012च्या तुरीन सनदेत हीच दिशा धरली: नव्यासारखं करण्यापेक्षा आहे ते जपा. मूळ रंग एकदाच मिळतो. आणि रंग बदलून लाल गाडी काळी करायची हौस असेल, तर आरसीवर रंगाची नोंद असते, तीही बदलून घ्यावी लागते हे विसरू नये.

मेस्त्री : मग त्याच न्यायाने घासूही नका ना! जुनं ते जुनं दिसू दे. काही लोक तसंच म्हणतात.

मी : म्हणतात, आणि कोरड्या हवेच्या देशात त्यांचं चालून जातं. इथे खडू झालेला रंग म्हणजे वयाची शोभा नव्हे, खारं पाणी धरून ठेवणारा स्पंज. तो थर मेलेलाच आहे. तो काढण्यात काही गमावत नाही. जिवंत रंगाला हात लावायचा नाही, एवढंच.

मेस्त्री : बरं, तुमच्या हिशेबात आमचं काय? सगळे घरी घासायला लागले तर शेडला कुलूप.

कुलूप लागणार नाही, कारण घरी करू नयेत अशी कामं मी मोजून मेस्त्रीकडे देतो, आणि ती मोलाची कामं आहेत. गंजाचा फोड आला की घासणं तिथेच थांबवायचं. पत्रा उघडा करून, गंज मारून, प्रायमर देणं हे शेडचं. मेलेला क्लिअर शेडचा. आणि गन घरात अजिबात नको. आजच्या दोन भागांच्या पॉलियुरेथेन रंगात जो हार्डनर मिसळतात, त्यात आयसोसायनेट असतात. त्यांच्या फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो, आणि नाकाला रुमाल बांधून ते अडत नाहीत. पडवीत गाडी, खिडकीत आजोबा, आणि मुलगा गन चालवतोय, याला हौस म्हणता येणार नाही. खरं तर शेडमधल्या पोरांनाही बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्क मिळायला हवा, आणि तो बहुतेकांना मिळत नाही; पात्रांवांच्या चुकांवर बोलणाऱ्या मेस्त्रीने हेही ऐकावं. जुन्या पिवळ्या-लाल रंगांत शिशाचं क्रोमेट असू शकतं, म्हणून कोरडं घासून धूळ उडवायची नाही, ओलंच घासायचं, आणि ते पाणी विहिरीच्या बाजूला जाऊ द्यायचं नाही. मोरजीच्या वाळूत पाणी मुरायला वेळ लागत नाही.

मेस्त्री : एवढं सगळं दारात गाडी नुसती उभी असणाऱ्याला जमेल. ज्याची गाडी टॅक्सीला आहे, भाड्याने फिरते, त्याला सीझनमध्ये एक दार आज आणि एक पुढच्या आठवड्यात, हे परवडेल? त्याची गाडी रात्री दोनला मोपाहून येते आणि सकाळी सातला निघते.

मी : त्याला नाही परवडणार. त्याच्या बाबतीत तुमचं फुल बॉडी पेंटच शेवटी स्वस्त पडत असेल, मी वाद घालत नाही. गाडी त्याचं पोट भरते. तिचा मूळ रंग जपायला त्याने धंदा बुडवावा असं सांगायचा मला अधिकार नाही.

मेस्त्री : आणि सीझनमध्ये नळाला पाणी नसतं, टँकर मागवावा लागतो. पोटाखाली पाइप धरायचा कुठून?

मी : पाइप नसेल तर दोन बादल्या. एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी, फडकं प्रत्येक वेळी साध्या पाण्यात झटकून मगच शॅम्पूत. छपरापासून खाली यायचं, चाकं शेवटी, वेगळ्या फडक्याने. उरलेलं साधं पाणी मगाने चाकांच्या कमानीत आतून मारायचं. पंधरा-वीस लिटरमध्ये भागतं, आणि ते रात्री दोनला आलेला माणूसही निजण्याआधी करू शकतो, निदान आठवड्यातून एकदा.